कॅलेंडरातली बाई

म्युझियम दहाला उघडतं आणि सर सकाळी सहालाच बूट घालून कोचावर बसले होते. सून चहा घेऊन बाहेर आली तेव्हा काठीसुद्धा हातात धरलेली. तिने सांगून पाहिलं, की बाबा, अजून चार तास आहेत, जरा पाय पसरून बसा. सर म्हणाले, बसलोय की. परक्या देशात आलं की म्हाताऱ्या माणसांची झोप बिनसते, पण सरांची झोप त्यामुळे बिनसलेली नव्हती. ज्या चित्राने त्यांना गावात नाव मिळवून दिलं, ते चित्र आज ते पहिल्यांदा खरंखुरं बघणार होते. आणि ते बघितलं की एका छत्तीस वर्षांच्या जुन्या भांडणाचा निकाल लागणार होता. भांडणातला दुसरा पक्ष मात्र दोन वर्षांपूर्वी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तो सरांचा एकुलता एक मुलगा.

सर म्हणजे ड्रॉइंगचे सर. शाळेत या विषयाला कोण विचारतो? परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई ‘आज तुमचा तास मी घेते हं’ म्हणत खुशाल वर्गात शिरतात. पण सरांचा तास मागायची कोणाची छाती नव्हती. एकाच शाळेत एकतीस वर्षं काढली त्यांनी, आणि पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं सावलीसर. समोर मडकं ठेवा, पेरू ठेवा, नाहीतर हेडमास्तरांची टोपी ठेवा, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: सावली कुठाय? सावली हवेतून येत नाही, तिला कोणीतरी धनी असतो, तो आधी शोधा, असं ते फळ्यावर लिहून ठेवायचे.

नववीच्या वर्गात फळ्याशेजारी एक चित्र टांगलेलं असायचं. सरांना नोकरी लागून वर्ष झालं होतं, मुलगा नुकताच जन्मला होता, तेव्हा एका रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर त्यांना फुकट मिळालं. त्यातलं हे पान. सरांनी तारखा कापून टाकल्या आणि चित्राला काच लावून घेतली. उभं, अरुंद चित्र. एक बाई टेबलाशी बसलीय, हात मांडीवर, मान डावीकडे वळवलेली. ती बघतेय तिकडे काहीच नाही, चित्र तिथे संपतं. खाली छापलेलं होतं ‘प्रतीक्षा’, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत म्युझियमचं नि शहराचं नाव. दर वर्षी शेवटच्या महिन्यात सर या चित्रावर एक तास बोलायचे. ही बाई कोणाची तरी वाट बघतेय, तो येणार नाही हे तिला कळलंय, आणि चित्रकाराने तो दाखवला नाही म्हणूनच तो आपल्याला दिसतो. कला म्हणजे रिकाम्या जागेवर विश्वास ठेवणं, असं ते शेवटी म्हणायचे. वात्रटातली वात्रट पोरं त्या तासाला गप्प बसायची. पुढे वकील झालेली, दुकानं टाकलेली, टक्कल पडलेली माणसं सरांना रस्त्यात थांबवायची आणि सांगायची, सर, ती बाई अजून विसरलो नाही.

मुलगा नववीत त्यांच्याच वर्गात आला. वर्गात बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा घरचा नियम. पक्षपात केला असं कोणी म्हणू नये म्हणून सर त्याला इतरांपेक्षा दोन गुण कमीच द्यायचे. तरी तो पहिला यायचा, इतका त्याला हात होता. त्या वर्षीही सरांचा तास रंगला, वर्ग नेहमीसारखा चिडीचूप झाला, आणि हा उभा राहिला.

“सर, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर, इथे कडेला, ही सावली कोणाची?”

सर म्हणाले, पडद्याची. उजेड डावीकडून येतोय, तिकडे खिडकी असणार, खिडकीला पडदा असणार.

“पण ही गोल आहे, सर. पडद्याला डोकं असतं का? तिथे कोणीतरी बसलंय. चित्र कापलंय.”

त्रेचाळीस पोरं खो खो हसली. सर दोन बाकांमधून गेले आणि त्यांनी मुलाच्या कानाखाली वाजवली. मग वर्षअखेरपर्यंत ड्रॉइंगच्या तासाला त्याला वर्गाबाहेर उभं केलं. घरी बायकोला त्यांनी सांगितलं, की चारचौघांत बापाची टिंगल करतो, पोरं हसवतो, एवढं तरी करायलाच हवं होतं. मुलगा त्या दिवशी नेहमीसारखा जेवला. पण त्याने रंगाची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि पुन्हा पेन्सिल धरली ती फक्त यंत्रांच्या आकृत्या काढायला. सर वाट बघत राहिले, की तो येऊन चुकलं म्हणेल. तोही कदाचित तशीच वाट बघत असेल. मग दोघांनाही सवय झाली.

मुलगा शीतगृहांच्या यंत्रांचा इंजिनिअर झाला आणि नोकरीसाठी नेमका त्याच शहरात आला, ज्याचं नाव कॅलेंडरावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. सरांनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन इथे आले. मुलाने पूल दाखवला, प्राणिसंग्रहालय दाखवलं, नदीतून फिरवून आणलं. म्युझियमचं नाव काढलं की म्हणायचा, ते दालन सध्या बंद आहे, दुरुस्ती चालू आहे. बायको गेल्यावर सर पुन्हा एकटे आले, तेव्हा म्हणाला, ते चित्र नेमकं दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेलंय. मोबाइलवर शोधून देतो असं शाळेतले जुने लोक म्हणायचे, पण सर त्यांना उडवून लावायचे. इतकी वर्षं थांबलो ते काय तळहाताएवढ्या काचेत बघायला? मुलाबद्दल मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. हा मुद्दाम करतोय. त्या एका थपडेचा सूड हा असा, गोड बोलून, उगवतोय. हा सल त्यांनी जपून ठेवला, आणि मुलगा गेल्याचा फोन आला त्या दिवशीही तो सल गेला नाही. उलट त्याबद्दल स्वतःचीच लाज वाटून तो आणखी खोल रुतला.

आता सुनेने बोलावलं होतं. एकदा येऊन जा, बाबा, नातही शिकायला दुसऱ्या गावी असते, घर खायला उठतं, असं म्हणाली होती. येऊन तीन आठवडे झाले. सरांनी पहिल्या दिवशीच विषय काढला होता आणि सून आज नको, पाऊस आहे, उद्या नको, सुट्टीची गर्दी असेल असं करत राहिली. शेवटी काल ते जेवता जेवता म्हणाले, की मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, पुन्हा यायचा नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि बरं म्हणाली.

म्युझियम म्हणजे एक आख्खं गावच होतं. कोणा श्रीमंत घराण्याने जे जे हाताला लागलं ते ते पिढ्यान् पिढ्या आणून भरलं असावं, अशी तिथली गत. एका दालनात जहाजांच्या पुढच्या टोकावर बसवायच्या लाकडी बायका, पुढच्यात पंखे, त्यापुढे तारा तुटलेली वाद्यं, मग एकदम एका देवळाचा आख्खा दरवाजा, ज्याच्या मागे देऊळ नाही. लोखंडी चिलखतं बघून सरांनी विचारलं, की आत शिरल्यावर खाज सुटली तर ही माणसं काय करत असतील? सून हसली. दोन वर्षांत तिला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढचं दालन नुसत्या खुर्च्यांचं होतं. दीडदोनशे खुर्च्या, आणि गुडघे बोंबलतायत तरी बसायला एक नाही.

सरांचा मास्तर जागा झाला होता. एका नामांकित चित्रातल्या घोड्यासमोर उभं राहून त्यांनी तो मागच्या पायाने लंगडा असल्याचं जाहीर केलं. एका राजाच्या नाकाची सावली चुकली होती, तीही त्यांनी काठीने दाखवली, आणि पहारेकरी धावत आला तेव्हा सुनेने त्याची माफी मागितली. पण या सगळ्या मौजेत त्यांना एक गोष्ट कळत होती. सून रस्ता लांबवत होती. हे चमचे बघूया, त्या बग्ग्या राहिल्या, आता चहा घेऊया. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी ती थांबली आणि हातातल्या नकाशात बघत म्हणाली, की वरचं दालन बंद असेल कदाचित.

सर पहिल्या पायरीवरच उभे राहिले. “हे वाक्य मी आधी ऐकलंय,” ते म्हणाले. “तो गेला, आता तू चालवणार का त्याचं?”

तिचा चेहरा उतरला. तिने नकाशा घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्यांच्या दंडाला धरलं. “चला,” ती म्हणाली.

दालन उघडंच होतं. लांबट खोली, वरून मऊ उजेड, मधोमध एक बाक. सर दारापासून भिंतीच्या कडेने निघाले. त्यांची नजर उभ्या, अरुंद चित्रांवर होती, कारण पन्नास वर्षं ते चित्र त्यांनी उभं आणि अरुंदच पाहिलेलं. एक फेरी झाली, नाही दिसलं. त्यांनी दुसरी फेरी घातली. सून एका मोठ्या आडव्या चित्राजवळ उभी होती. सर तिच्या अंगावरून पुढे गेले, म्हणाले, इथे नाहीये, खरंच कुठेतरी पाठवलेलं दिसतंय. तरी ती हलेना. तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्या आडव्या चित्राच्या उजव्या टोकाला त्यांना मांडीवर ठेवलेले दोन हात दिसले. ते हात त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढले होते.

बाई तीच होती. फक्त ती चित्राच्या एका कडेला होती, आणि चित्र तिच्या डावीकडे अजून तेवढंच पसरलेलं होतं. तिथे एक तरुण पोरगा जेवत बसला होता. अंगातला जाड कोट काढलेला नाही, बुटांना चिखल, टोपी तशीच डोक्यावर, ताटावर पार ओणवलेला. बाहेरून आला आणि तसाच जेवायला बसला, अशी त्याची बैठक. त्याच्या पलीकडे खिडकी होती. खिडकीला पडदा नव्हता. सवयीने सरांनी आधी उजेड तपासला. खिडकीतून तो पोराच्या पाठीवर पडत होता, आणि पोराच्या डोक्याची सावली पांढऱ्या कापडावरून सरकत बाईच्या कोपरापर्यंत गेली होती. गोल सावली. बिनचूक काढलेली.

बाई वाट बघत नव्हती. तो आलेला होता. ती त्याला जेवताना बघत होती, आणि कॅलेंडरात जी नजर सरांना रिकाम्या जागेत हरवलेली दिसायची, ती इथे पोटभर समाधानाने भरलेली होती. तीस वर्षं, दर वर्षी चाळीस-पन्नास पोरं, या सगळ्यांना त्यांनी घरी आलेला मुलगा आलाच नाही म्हणून शिकवलं होतं. शेजारी पितळी पाटी होती. त्यांनी सुनेला वाचायला सांगितलं. ती म्हणाली, ‘जेवण’. एवढंच लिहिलंय.

सर बाकावर बसले. काठी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

“तुला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

ती हो म्हणाली. मग त्यांच्याशेजारी बसून, चित्राकडे बघतच, तिने सगळं सांगितलं. लग्न होऊन ती इथे आली त्याच महिन्यात नवऱ्याने तिला इथे आणलं होतं. त्याने स्वतः त्याआधी किती वेळा येऊन पाहिलं होतं कोण जाणे, पण पहारेकरी त्याला ओळखत होता. तिला त्याने आधी बाई दाखवली आणि म्हणाला, हे आमच्या बाबांचं चित्र. शाळेतली सगळी हकिगत सांगितली, थपडेसकट. ती म्हणाली, म्हणजे तुम्हीच बरोबर होतात की, फोटो काढून पाठवूया ना बाबांना.

“तर हे म्हणाले, नको,” सून म्हणाली. “म्हणाले, त्यांची अजून तीन वर्षं आहेत नोकरीची. हे बघितल्यावर वर्गात कसे उभे राहतील?”

“आणि निवृत्त झाल्यावर? आम्ही दोघं आलो होतो की इथे.”

“तेव्हा मीच म्हटलं, आता काय हरकत आहे, दाखवा. तर म्हणाले, आता तर नकोच. आता त्यांच्याजवळ तेवढंच आहे.”

दुरुस्ती, प्रदर्शन, दुसरं शहर. सरांना ती एकेक थाप आठवली आणि प्रत्येक थापेवर त्यांनी मनात मुलाला काय काय बोल लावले होते तेही आठवलं. दोन्ही वेळा परत जाताना विमानतळावर त्यांनी त्याच्याशी धड बोलणंही टाकलं होतं. तो बॅगा ढकलत त्यांच्या मागून चालत होता आणि गोळ्या वेळेवर घ्या म्हणत होता. त्यांना स्वतःची शिसारी आली. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा राग येतो तेव्हा तो दुसऱ्यावर काढायला बरा पडतो, म्हणून ते म्हणाले, की तरी त्याने सांगायला हवं होतं.

“सांगितलं असतं तर मानलं असतं तुम्ही?”

सर हो म्हणायला तोंड उघडून थांबले. सुनेच्या प्रश्नात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलगाही बहुधा याच प्रश्नापाशी दर वेळी थांबला असणार.

“नाही,” ते म्हणाले. “म्हटलं असतं, डावीकडचं कोणीतरी मागाहून रंगवून जोडलंय.”

शाळेच्या सहलीचा एक घोळका आला, चित्रासमोर जरा रेंगाळला आणि त्यांच्या बाईंनी हाक मारल्यावर पुढे गेला. ते जाईपर्यंत सर थांबले. मग ते बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की सुनेला वाकून ऐकावं लागलं.

“मला ती सावली दिसली होती गं. कॅलेंडर टांगलं त्याच आठवड्यात. गोल आहे हेही दिसलं होतं. सावलीसर म्हणवणाऱ्याला दिसणार नाही होय? पण तास छान जमला होता, पोरं गप्प बसत होती. म्हटलं, कोणी विचारलं तर बघू. चौदा वर्षं कोणी विचारलं नाही. त्याने विचारलं.”

तिने चित्रावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“पोरं हसली म्हणून नाही मारलं मी त्याला. घरी तसं सांगितलं, तुझ्या सासूलाही तसंच सांगत राहिलो, ती जाईपर्यंत. त्याला दिसलं म्हणून मारलं. माझ्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. दुसरा कोणी असता तर पाठ थोपटली असती मी.”

सून मान खाली घालून बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या पर्सवर पडलं आणि तिने ते ओढणीच्या टोकाने पुसलं.

“हे त्यांना सांगायचं होतंत, बाबा,” ती म्हणाली.

“हो,” सर म्हणाले.

तिने आणखी दोन लागट शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं, म्हणजे निदान भांडता आलं असतं. पण तिने वाकून काठी उचलली आणि बाकाला टेकवून ठेवली, मग पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली. सरांनी ती घेतली नाही. समोर तो पोरगा टोपी न काढता जेवत होता, आणि सर त्याच्याकडे बघत, तोंडावर हातही न घेता, रडत राहिले.